परसातला साडेअकरा टन बर्फ

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात थंडी पडू लागली की कितीतरी घरांच्या परसात फळ्या ठोकल्याचे आवाज येतात. चौकट उभी करायची, आत पांढरं प्लास्टिक अंथरायचं, नळी सोडायची आणि पाणी गोठलं की मुलांनी स्केट्स बांधून उतरायचं. काम इतकंच, पण आकडे मांडायला बसलं की थक्क व्हायला होतं.

12 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद रिंक धरू. क्षेत्रफळ 72 चौरस मीटर. त्यात 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे 7,200 लिटर. पण परस कधीच सपाट नसतं. डोळ्यांना कळतही नाही असा, शंभराला एक इतका उतार असला तरी 12 मीटरमध्ये 12 सेंटिमीटरचा फरक पडतो. वरच्या टोकाला 10 सेंटिमीटर हवं, तर खालच्या टोकाला 22 भरावं लागतं. सरासरी 16. झाले साडेअकरा हजार लिटर! दहा हजार लिटरचा अख्खा टँकर रिकामा केला तरी पुरत नाही. शिवाय खालच्या टोकाच्या 6 मीटर फळीला हे पाणी सुमारे 145 किलो वजनाइतक्या जोराने बाहेर रेटत असतं. म्हणून टेकू द्यायचे ते सगळ्यात आधी तिथे.

खरा डोंगर पुढेच आहे. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा आठवा: एक किलो पाणी गोठताना 334 किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतं. नळाचं पाणी 10 अंशांवर असेल, तर ते शून्यापर्यंत उतरवून तळापर्यंत गोठवायला एकूण सुमारे 1,200 युनिटांइतकी उष्णता काढून न्यावी लागते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराची ही वर्षभराची वीज. आणि परसात ही सगळी उष्णता रात्रीचं आकाश आणि गार हवा फुकट ओढून नेतात! मला या खेळातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते.

पाणी मात्र सहज ऐकत नाही. त्याच्या असंगत वर्तनामुळे सगळा साठा आधी 4 अंशांच्या आसपास यावा लागतो, मगच वरचा थर गोठणबिंदूकडे सरकतो. एकदा साय धरली की तो बर्फच खालच्या पाण्यावर पांघरूण होऊन बसतो. जाडी दुप्पट करायला वेळ चौपट लागतो: पहिले 5 सेंटिमीटर एका रात्रीत जमले, तर तेवढ्याच गारठ्यात 10 व्हायला एकूण चार रात्री.

म्हणून बर्फ पुरेसा भक्कम झाला की वरून पातळ थर चढवतात. एक मिलिमीटरचा थर म्हणजे 72 लिटर. त्याची उष्णता बर्फातून वाट काढत बसत नाही, थेट हवेत जाते. मुलं झोपल्यावर कुणीतरी नळी घेऊन मागे मागे सरकत पाणी मारतं. गरम पाणी असेल तर ते चिरांच्या कडा किंचित वितळवून त्यांच्यासकट गोठतं आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. त्याआधी वाळकं पान न् पान उचलावं लागतं. गडद पान ऊन शोषतं आणि बर्फात स्वतःच्याच आकाराचा खड्डा पाडत खाली उतरतं. प्रत्येक चौरस मीटरला एक युनिट ऊब मिळाली की जवळजवळ 12 मिलिमीटर बर्फ गेलाच.

या खटाटोपातून काय उभं राहू शकतं? ब्रँटफर्ड गावात वॉल्टर ग्रेट्झ्की परसात पाणी गोठवत. त्यावर घडलेल्या वेन या त्यांच्या मुलाने नॅशनल हॉकी लीगमध्ये 894 गोल केले. गोलांचा तो विक्रम अलेक्झांडर ओव्हेच्किनने 2025 मध्ये मोडला, पण वेनचे एकूण 2,857 गुण अजून अबाधित आहेत. त्यातले गोल सगळे वजा केले तरी गोलांना केलेल्या साहाय्याचे 1,963 उरतात, आणि तेवढे एकूण गुणही दुसऱ्या कुणाला मिळवता आलेले नाहीत.

ओटावातला रिडो कालवा हीच गोष्ट शहराच्या मापाने करतो. 7.8 किलोमीटर लांब, सुमारे 1,65,600 चौरस मीटर. 30 सेंटिमीटर जाडी धरली तर बर्फ 45,000 टनांच्या वर, आणि तो नुसता गोठताना 42 लाख युनिटांइतकी उष्णता हिवाळ्याने उचललेली असते. 1970-71 पासून दर हिवाळ्यात स्केटिंगसाठी उघडणारा हा कालवा 2022-23 मध्ये पहिल्यांदाच एकही दिवस उघडला नाही.

2013 पासून विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठाच्या ‘रिंकवॉच’ उपक्रमात घरोघरचे लोक आपल्या रिंकवर आज स्केटिंग करता आलं की नाही याची नोंद करतात. त्यातून निघालेला आडाखा असा, की दिवसाचं सरासरी तापमान उणे 5 च्या आसपास किंवा खाली हवं. त्याच नोंदींवरून संशोधकांनी अंदाज बांधला आहे की, या शतकाच्या अखेरीस टोरांटो आणि माँट्रियलमध्ये स्केटिंगजोगे दिवस सुमारे एक तृतीयांशाने घटतील. परसाचा उतार टेकू लावून सावरता येतो, चिरा गरम पाण्याने बुजतात. पण त्या 1,200 युनिटांचं ओझं उचलणारी थंडी कुठल्याच नळीतून सोडता येत नाही.