वायफायच्या डब्याच्या पोटात

एप्रिलात जळगाव-धुळ्याची हवा इतकी कोरडी होते की प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून लोखंडी कपाटाला हात लावला, तरी टचकन चटका बसतो. ही स्थिर वीज. माणसाला ती जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. राउटरमधली एखादी नाजूक चिप मात्र शंभर व्होल्टलाही दगावते, म्हणजे हाताला काही कळण्याआधीच तिचा निकाल लागलेला असतो. वायफायचा डबा उघडताना स्क्रूड्रायव्हरपेक्षा आपल्या बोटांचीच भीती जास्त.

म्हणून जाणकार दुरुस्तीवाले मनगटाला पट्टा बांधतात आणि त्याची वायर अर्थिंगला जोडतात. त्या वायरीत मुद्दाम १० लाख ओहमचा रोध असतो. चुकून २३० व्होल्टला हात लागलाच, तर अंगातून पाव मिलिअँपिअरसुद्धा प्रवाह जात नाही. अर्थिंग मात्र खरे हवे. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, मीठ-कोळशाचा खड्डा सुकतो. त्यात बादलीभर पाणी ओतायची जुनी रीत उगाच नाही.

अ‍ॅडॉप्टर काढला की डबा उलटा करायचा. स्क्रू बहुधा रबरी पायांखाली किंवा स्टिकरमागे लपलेले असतात. पुढे सगळा खेळ प्लास्टिकच्या खाचांचा. तिथे जुने एटीएम कार्ड सरकवावे, लोखंड नको. झाकण हिसकायचे नाही, कारण अँटेनाची केसासारखी वायर त्याला अडकलेली असू शकते.

आत तळहाताएवढी प्लेट. केबलच्या खोबणीमागे किंवा खोबणीतच चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, आणि मला सगळ्यात नवल वाटते ते त्यांचेच. बाहेरून आलेले तांबे आतल्या सर्किटला शिवतच नाही. संदेश चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे उडी मारतो. १,५०० व्होल्टपर्यंतचा फरक ही फट सोसते. अवकाळीत गच्चीवरच्या केबलजवळ वीज पडली, तर मात्र या फटीचेही काही चालत नाही.

जवळच गोल कॅपॅसिटर दिसतात. टोपी फुगली असेल तर तो गेला समजा. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि आपल्याकडे राउटर ठेवतात कुठे, तर पत्र्याखालच्या कपाटावर!

ऑफिसातल्या मोठ्या नेटवर्क स्विचची गोष्ट वेगळी. त्याच्या पॉवर सप्लायमधला कॅपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्ट धरून बसतो, प्लग काढल्यावरही काही काळ. तो भाग शिकलेल्या माणसाकडेच द्यावा.

भारतनेटमुळे ग्रामपंचायतीच्या कपाटात आलेल्या फायबरच्या डब्यात तर वेगळाच धोका. त्याचे हिरवे टोक डोळ्यांसमोर धरू नये. आतला लेझर १,३१० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे अदृश्य. टीव्हीच्या रिमोटचा अदृश्य किरण मोबाइलच्या कॅमेऱ्यात चमकतो, म्हणून कुणी इथेही कॅमेरा रोखून खात्री करू पाहतो. पण कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला साधारण १,१०० नॅनोमीटरपलीकडचे दिसतच नाही. लेझर चालू असला तरी पडद्यावर अंधारच.