शोकेसमधली स्पॅनिश बाटली

परदेशातून भाचा येतो, चॉकलेटांबरोबर एक बाटलीही पुढे करतो. "मावशी, स्पेनची रेड वाईन आहे हं!" वाईन जितकी जुनी तितकी चांगली, हे आपण कुठंतरी ऐकलेलं असतं. त्यामुळे बाटली जाते थेट शोकेसमध्ये, काचेच्या बाहुलीशेजारी. तिथं ती दोन-तीन उन्हाळे उभी राहते आणि आतल्या आत बिघडते. तेव्हा मैत्रिणींनो, आधी तिची पाठ वाचा.

स्पेनच्या कितीतरी तांबड्या वाईनचा जीव एकाच द्राक्षात आहे: तेम्प्रानिय्यो. 'तेम्प्रानो' म्हणजे लवकर. हे द्राक्ष लवकर पिकतं. पण प्रांत बदलला की नाव बदलतं! ला मांचात ते 'सेन्सिबेल', तर कॅतालोनियात चक्क 'सशाचा डोळा'.

चवही तशीच बदलते. उत्तरेकडच्या रिओखाची वाईन मवाळ. ती ओकच्या २२५ लिटरच्या पिंपात मुरते. अमेरिकन ओक असेल तर व्हॅनिलाचा आणि किंचित नारळाचा वास येतो. दुएरो नदीकाठचं पठार सुमारे ८०० मीटर उंच. दिवसा कडक ऊन, रात्री गारठा, म्हणून तिथली वाईन गडद, भरदार. तोरोची त्याहून दणकट.

आता ती पाठ. रिओखाच्या बाटलीवर मागे एक छोटी पट्टी असते. हिरवी असेल तर मुरवण्याची अट नाही. लाल म्हणजे 'क्रियान्सा': किमान २ वर्षं, त्यातलं १ पिंपात. गडद मरून 'रेसेर्वा', ३ वर्षं. निळी 'ग्रान रेसेर्वा', ५ वर्षं. अहो, म्हणजे लोणचं मुरवूनच बरणी पाठवलीय! हिरवी-लाल पट्टी असेल तर वाट पाहू नका. ठेवायचीच तर अंधाऱ्या, थंड जागी, आडवी.

'खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला युरोपातल्या गार घरांचा. आपल्याकडे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा; १६ ते १८ अंश पुरे.

आणि 'हृदयाला चांगली' म्हणून कुणी आग्रह केला तर भुलू नका. दारूचं कुठलंच प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलंय. गरोदर बाईनं तर थेंबही नको.

रिओखात द्राक्षवेलींच्या वाळल्या काटक्यांवर कोकराच्या बरगड्या भाजतात, त्यांच्याबरोबर ही वाईन घेतात. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. त्यानंतर उरलीच तर मटणाच्या रश्श्यात अर्धी वाटी घाला, मात्र चिंच-कोकम त्या दिवशी नको.