क्यूमेल पॅच
क्यूमेल पॅच : क्यूमेल या टपाल-सेवक आज्ञावलीच्या मूळ संहितेत फेरफार करण्यासाठी तिच्या वापरकर्त्यांनी तयार केलेल्या फाइली. पॅच म्हणजे ठिगळ. अशा फाइलीत संपूर्ण आज्ञावली नसते. मूळ संहितेतील कोणत्या ओळी गाळावयाच्या व त्यांच्या जागी कोणत्या घालावयाच्या, एवढेच तीत नमूद असते. हे फेरफार मूळ संहितेत आपोआप उतरविणारी ‘पॅच’ ही आज्ञावली लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली.

क्यूमेलचे लेखन अमेरिकन गणितज्ञ डॅन्येल जे. बर्नस्टाइन यांनी १९९५ मध्ये सुरू केले. त्या काळी रूढ असलेल्या सेंडमेल या आज्ञावलीत वारंवार सुरक्षादोष आढळत. यावर उपाय म्हणून क्यूमेलमध्ये टपाल स्वीकारणे, रांगेत ठेवणे व पोहोचविणे ही कामे परस्परांवर अल्प विश्वास ठेवणाऱ्या लहान लहान आज्ञावल्यांत विभागण्यात आली. सुरक्षादोष दाखविणाऱ्यास १९९७ मध्ये ५०० डॉलरचे बक्षीसही जाहीर झाले. १.०३ ही आवृत्ती जून १९९८ मध्ये निघाली. त्यानंतर बर्नस्टाइन यांनी नवी आवृत्ती काढली नाही.

टपालव्यवहार मात्र बदलत राहिला. प्रेषकाची ओळख पटविणे व संदेशवहन सांकेतिक करणे यांसंबंधीची मानके १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली; मूळ क्यूमेलमध्ये या सोयी नव्हत्या. मूळ आज्ञावली आपल्या क्षेत्रातील कोणत्याही नावाचे टपाल आधी स्वीकारी आणि पत्ता खोटा निघाल्यास मागाहून परत धाडी. अनाहूत टपालावरील प्रेषकाचा पत्ता बहुधा बनावट असल्याने हे परतटपाल भलत्याच व्यक्तींच्या माथी पडे. ५१२ बाइटांहून मोठे नामप्रणाली-उत्तरही तिला हाताळता येत नसे. या उणिवा पॅचांनी भरून काढल्या. विषाणू व अनाहूत टपाल यांच्या छाननीसाठी रांगेची आज्ञावली बदलण्याची सोयही एका पॅचने करून दिली.

पॅचांच्या प्रसारास परवान्याच्या अटीही कारणीभूत होत्या. संहिता सर्वांस वाचावयास खुली होती. परंतु फेरफार केलेली आज्ञावली लेखकाच्या संमतीवाचून वितरित करण्यास मुभा नव्हती. त्यामुळे मूळ संहिता व ठिगळे वेगवेगळी मिळवून प्रत्येक व्यवस्थापकास ती स्वतःच जोडावी लागत.

या पद्धतीत धोकाही आहे. दोन पॅच एकाच ओळींत बदल करीत असल्यास दुसरा नीट बसत नाही व हाताने जुळवाजुळव करावी लागते. शिवाय मूळ लेखकाची सुरक्षेची हमी परक्या संहितेस लागू होत नाही. एका सदोष पॅचामुळे मूळ रचनेचा लाभ व्यर्थ ठरू शकतो. मात्र मूळ आज्ञावली जशीच्या तशी ठेवणे हेही सुरक्षित नसते. गेओर्गी गुनिन्स्की यांनी २००५ मध्ये ६४-बिट संगणकांवर संभवणारे दोष दाखविले. इतकी स्मृती कोणी या आज्ञावलीस देत नाही, या कारणास्तव बर्नस्टाइन यांनी ते मान्य केले नाहीत. परंतु त्यांपैकी एका दोषाच्या आधारे दूरस्थ आक्रमण शक्य असल्याचे २०२० मध्ये सिद्ध झाले.

निवडक पॅच एकत्र करून काही वापरकर्त्यांनी नेटक्यूमेल हा संच तयार केला. नोव्हेंबर २००७ मध्ये बर्नस्टाइन यांनी क्यूमेल सार्वजनिक स्वामित्वात सोडली व वितरणावरील निर्बंध संपले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या नॉटक्यूमेल या सामूहिक प्रकल्पात विखुरलेले फेरफार एकाच संहितेत आणण्याचे कार्य हाती घेण्यात आले.