पायाखालची धडधड

नव्या मोटारीत प्रथमच जोरात ब्रेक दाबला, तेव्हा पेडल पायाखाली धडधडू लागले. काहीतरी बिघडले असे वाटून आम्ही पाय उचलला. चूक नेमकी तीच!

जुन्या गाडीवर आम्ही ब्रेक दाबत-सोडत वापरायला शिकलो होतो. कारण चाक जाम होऊन घसरू लागले, की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीची झालेली 'एबीएस' यंत्रणा हेच काम करते. चाक जाम होत असल्याचे संवेदक ओळखतो आणि झडपा ब्रेक-तेलाचा दाब सेकंदाला अनेकदा कमी-जास्त करतात. धडधड त्याचीच. अशा वेळी पाय घट्ट दाबूनच ठेवायचा आणि अडथळा टाळून गाडी वळवायची.

सुट्या खडीवर मात्र जाम झालेल्या चाकापुढे खडीचा ढीग साचून गाडी अडते; एबीएसमुळे ते होत नाही. तेथे थांबायला अंतर जास्तच लागू शकते.