उसातली पिल्लं आणि आईचा हिशोब

कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यातून एक बातमी हमखास येते : ऊसतोड चालू असताना फडात बिबट्याची पिल्लं सापडली. मग लोक विचारतात, ‘यांची आई यांना टाकून गेली कुठं?’

तर बहुतेक वेळा तिनं टाकलेलं नसतंच. ती शिकारीला गेलेली असते, नाहीतर माणसांची चाहूल लागून जवळच दबून बसलेली असते.

आता तिचा हिशोब बघा. गर्भारपण साधारण तीन महिन्यांचं. पण सस्तन प्राण्यांत आईचा खरा खर्च त्यानंतर सुरू होतो, दूध पाजताना. दोन-तीन पिल्लांचं दूध तिच्याच अंगातून निघणार, म्हणजे तिला जास्त खायला हवं. चांदोलीतल्या रानकुत्र्यांमध्ये कळपातले बाकीचे मांस पोटात आणून आईला आणि पिल्लांना भरवतात. बिबट्याच्या मादीला असं कुणी नाही. नर पिल्लं वाढवत नाही. शिकारीला जावं तर पिल्लं एकटी पडतात, त्यांच्यापाशी थांबावं तर दूध आटतं. म्हणून दडायला दाट जागा लागते, आणि ऊस ती देतो. वर कुत्री, डुकरं अशी शिकारही आसपास मिळते.

पिल्लं साधारण वर्ष-दीड वर्ष आईसोबत राहतात. तोवर सहसा पुढची वीण नाही. म्हणजे एका विणीमागे तिच्या आयुष्यातली दोनेक वर्षं जातात. पिल्लं गेली, तर ती लवकर पुन्हा माजावर येते, पण गर्भारपण, दूध, शिकार, सगळं पहिल्यापासून.

म्हणून पिल्लं दिसली की उचलून घरी न्यायची नाहीत. फोटोसाठी हातातही घ्यायची नाहीत. तोड थांबवायची, लांब व्हायचं आणि वनविभागाला १९२६ वर फोन करायचा. वनविभागाची माणसं पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि बाजूला होतात. अंधार पडल्यावर आई येते. तोंडात एका वेळी एकच पिल्लू मावतं, त्यामुळं तीन पिल्लं असतील तर तीन खेपा. माणसांचा वास असलेल्या जागी ती तीनदा येते, बरं का. तेवढी एक रात्र फड मोकळा ठेवणं, एवढंच आपलं काम.