हिरवळीस चुना कोणता घालावा ?

घरापुढील हिरवळ पिवळी पडली म्हणजे कोणी तरी पोक्त गृहस्थ सांगतात, "जमीन आंबट झाली, थोडा चुना टाका." इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांतही हेंच लिहिलेलें असतें. मींही एका वर्षीं अंगणांतील हरळीवर टोपलीभर विरलेला चुना पसरला. पंधरा दिवसांत हरळी सुधारण्याऐवजीं अधिकच फिकी पडली. चूक पुस्तकाची नव्हती. तें ज्या मुलखासाठीं लिहिलें होतें तो मुलूख धाराशिव नव्हता, इतकेंच.

जमीन आंबट होते ती बहुधा अतिवृष्टीनें. पावसाचें पाणी मातींतील चुना विरघळवून खालीं वाहून नेतें. कोंकणांतील जांभ्याच्या तांबड्या जमिनीची हीच गत आहे. रत्नागिरीस वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आमच्या बालाघाटाच्या पठारावर पाऊस त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. तेव्हां चुना जागच्या जागीं राहतो. विहीर खणतांना काळ्या मातीखालीं निघणारे चुनखडीचे पांढरे खडे कोणीं पाहिले नाहींत ? अशा अल्कधर्मी जमिनींत आणखी चुना घालणें म्हणजे समुद्रांत मिठाचें पोतें रितें करणें होय.

शंका असेल त्यानें परीक्षा पहावी. चिमूटभर कोरडी माती बशींत घेऊन शाळेच्या प्रयोगशाळेंत, शिक्षकांच्या देखत, तीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकावे. फसफसून फेस आला तर मातींत चुनखडी आहे; वरून चुना नको. फेस न आल्यास मात्र लगेच जमीन आंबट ठरवूं नये. ओल्या मातीला निळा लिटमस लावून तो तांबडा होतो कीं काय, हें पहावें.

ज्यांची जमीन खरोखरच आंबट आहे, त्यांनीं कोणता चुना घ्यावा ? कळीचा चुना सर्वांत जोरकस : त्याचे ५६ भाग, विरलेल्या चुन्याचे ७४ भाग आणि शुद्ध चुनखडीचे १०० भाग सारखेंच काम करतात. तथापि कळीचा चुना पाणी लागतांच तापतो. गवत जाळतो आणि डोळ्यांत गेला तर दृष्टीवरच बेततें. उगवलेल्या हिरवळीस चुनखडीची बारीक पूडच उत्तम. ती सावकाश पण निर्धोक काम करते. पूड जाडीभरडी असेल तर वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. मातींत मॅग्नेशियमही कमी असल्यास डोलोमाइटची पूड घ्यावी. जिप्समनें मात्र आंबटपणा जात नाहीं. तें चोपण जमिनीचें औषध आहे.

मग आमची हरळी पिवळी कां पडली ? चुना फार झाला म्हणजे मातींतील लोह न विरघळणाऱ्या रूपांत अडकतें व मुळांस मिळत नाहीं. कोंवळीं पातीं पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुनीं पातीं आधीं पिवळीं झालीं तर बहुधा नत्राची उणीव समजावी. तेथें कुजलेलें शेणखत हवें.

मीं पुढें एक लिटर पाण्यांत ५ ग्रॅम हिराकस व थोडा लिंबाचा रस घालून तें पाणी सायंकाळीं फवारलें. आठवड्यानें पुन्हां एकदां फवारलें. नवीं पातीं हिरवीं आलीं. शहाबादी फरशीवर उडालेल्या थेंबांचे तांबूस डाग मात्र अद्याप निघालेले नाहींत.