खिशातील चाकू : साधी धार की दातेरी?

घडीचा चाकू घेतेवेळी पाते साधे असावे की दातेरी, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. आंबा सोलणे, पेन्सिलीस टोक काढणे ही कामे साधी धारच सफाईने करते, व घरच्या निसण्यावर ती पुन्हा लावताही येते. दातेरी पाते करवतीप्रमाणे ओढीने कापते. त्यास धार लावणे कठीण, परंतु सुंभ वा नायलॉनची दोरी ते झटकन तोडते. १८९१ साली स्विस सैन्यास मिळालेल्या चाकूचे पाते साधे होते. २००८ च्या नमुन्यात मात्र त्याचा काही भाग दातेरी झाला. आमच्या मते नित्याच्या कामास खिशात साधा चाकू पुरे; दातेरी मोटारीत चालकाच्या हाताशी, पण मुलांस न सापडेल असा ठेवावा. अपघातात पट्टा अडकला, तर तोच एखाद्याचा जीव वाचवील.